धुळाला आधी दिसलं होतं

आमच्या पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. समोर नाला, नाल्यापलीकडे देवदारांची उतरण आणि डोंगराच्या पाठीमागे सरहद्द. पोस्टच्या पुढे चारशे मीटरवर ओपी, म्हणजे टेहळणीची जागा. कमरेएवढा दगडी आडोसा आणि त्यात दोन माणसं. एक जागता, एक झोपलेला. बारा तासांनी जोडी बदलायची.

मी लान्स नायक होतो आणि माझ्याकडे रेडिओ सेट होता. ओपीवरून आलेला प्रत्येक संदेश लॉगबुकात वेळेसकट लिहायचा आणि त्याच मिनिटाला कंपनी हेडक्वार्टरला कळवायचा. संदेश खरा की खोटा हे ठरवणं माझं काम नव्हतं. हे वाक्य मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून ठेवतो.

दिवस ठरलेला असायचा. पहाटे पाचला स्टँड-टू. सगळे हत्यारं घेऊन आपापल्या मोर्चात. साडेसहाला स्टँड-डाउन, मग चहा. आठला हत्यारांची सफाई. बर्फ पडण्याआधी रेशन वर आणून ठेवायचं म्हणून दुपारी खालून पिशव्या वाहायच्या. संध्याकाळी साडेसहाला जेवण. जेवताना गावाकडच्या गप्पा.

मी जुन्नर तालुक्यातला. आमचं गाव ओझरपासून चालत तासाभरावर. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातला एकच जण पोस्टवर होता, सिपाही धुळा. त्याच्या घरी मेंढरं. माझ्या घरी बागायत. वडील जुन्नरला एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका आणि हँडबिलं हा पोटाचा धंदा, पण त्यांचा जीव पत्रकांत. जातपात मोडा, हुंडा घेऊ नका, देवऋष्याच्या नादी लागू नका. आमच्या घरी खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं त्यांच्यावरच शिकलो. दहाव्या वर्षी बाजारात उभा राहून मी माणसामाणसातल्या समतेवर बोलायचो. लोक टाळ्या वाजवायचे. त्या टाळ्या अजून आठवतात आणि आता त्यांची लाज वाटते.

एका संध्याकाळी जेवताना मी बिबट्याची गोष्ट सांगितली. जुन्नरचा माणूस फौजेत गेला की त्याला बिबट्याची गोष्ट सांगावीच लागते. उसात पाणी धरताना बिबट्या माझ्यापासून दहा फुटांवर उभा होता आणि मी बॅटरीचा उजेड त्याच्या डोळ्यांवर धरला, असं मी सांगितलं. खरं तर बिबट्या बांधापलीकडे होता आणि मी पळालो होतो. पण सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली.

मग धुळा म्हणाला, "आमच्या माळावर चैतात माळढोक येतो."

"ते काय असतं?" कोणीतरी विचारलं.

"पक्षी. लई मोठा. हुबा ऱ्हायला की मेंढराएवढा."

मी म्हणालो, "मेंढराएवढा! मग लोकर पण काढता का रे त्याची?"

सगळे हसले. हवालदार जगताप आमचे पोस्ट कमांडर. तेही हसले.

"खरं सांगतूय, भाऊ. मी बघितलाय. तीनदा."

"कुठल्या माळावर? गाव सांग."

"ते न्हाई सांगायचं."

"का?"

"आमच्यात सांगत न्हाईत."

"बघा राव," मी सगळ्यांकडे वळून म्हणालो, "पक्षी मेंढराएवढा, पण पत्ता न्हाई. ह्याला म्हणायचं धनगरी गप्पा."

हा शब्द मी वापरला. समतेची पत्रकं वाटणाऱ्याच्या पोराने. कुठून आला तो शब्द? आमच्या गावच्या पारावरून आला, चुलत्यांच्या तोंडून आला, बांधावरून मेंढरं हाकलताना आला. पत्रकं खाटेखाली होती आणि शब्द जिभेवर होता. त्या दिवसापासून धुळाचं नाव माळढोक पडलं. तो लंगरात, म्हणजे जेवणाच्या जागी, आला की कोणीतरी म्हणायचं, "आला माळढोक, दाणे टाका." तो हसायचा. तो हसतो म्हणजे त्याला चालतं, असं आम्ही धरून चाललो.

त्याची आणखी एक सवय होती. तो कशाकडेही बोट दाखवायचा नाही. समोरची खूण सांगताना मूठ मिटून हात पुढे करायचा, नाहीतर हनुवटी उचलायची. टार्गेट दाखवायच्या सरावात जगताप त्याच्यावर खेकसले होते, "बोटं गोठलीत काय तुझी?" तो म्हणाला, "सवय हाय, साहेब." त्याचीही आम्ही नक्कल करायचो.

ऑक्टोबर संपत आला होता. एका पहाटे ओपीवरून धुळाने हालचाल कळवली. मी लगेच पुढे कळवलं. सगळी पोस्ट दीड तास मोर्चात उभी राहिली. वारा असा होता की पापण्या जड होत होत्या. काहीच सापडलं नाही. परत आल्यावर जगताप मला म्हणाले, "पुढच्या वेळी नीट खात्री करून घे, मग उठव सगळ्यांना."

आता वाटतं, त्या दिवशीही कोणीतरी होतं.

त्यानंतर तिसरा दिवस. ओपीवर धुळा आणि सिपाही पाटोळे. पाटोळेची झोपायची पाळी, तो स्लीपिंग बॅगमध्ये. साडेसहाला स्टँड-डाउन झालं. मी सेटच्या बंकरमध्ये एकटा होतो. लंगरातून चहाचा मग आला होता. समोर भिंतीवर घड्याळ. ०६४१ ला सेट बोलला. नियमाप्रमाणे रेडिओवर हिंदी बोलायची, पण पोस्ट ते ओपी एवढ्या अंतरात आम्ही मराठीतच बोलायचो.

"नाल्यात माणसं हैत. तीन. ओव्हर."

मी म्हणालो, "परत माळढोक का रे? ओव्हर."

मग, "माणसं हैत. खालच्या वाटेनं चाललीत. पाचशे मीटर. ओव्हर."

"बकरवाल असतील. मेंढ्या घेऊन खाली उतरत असतील. ओव्हर."

"मेंढरं न्हाईत संगं. आन मेंढरावाला असा चालत न्हाई. ह्ये अंतर ठिवून चालत्यात. ओव्हर."

तो जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस होता. माणूस कसा चालतो हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मी म्हणालो, "हत्यार दिसतंय का? आधी कन्फर्म कर, मग सांग. उगाच सगळ्यांना उठवू नको. ओव्हर."

"हितनं दिसत न्हाई. ओव्हर."

"मग दिसंल तिथनं बघ. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

मी लॉगबुक उघडलं नाही. कंपनीला कळवलं नाही. चहा प्यालो.

०६५२ ला गोळ्यांचा पहिला बर्स्ट ऐकू आला. त्याच मिनिटाला सेटवर पाटोळेचा आवाज आला, "धुळा पडला! धुळा पडला!" मी कंपनीला कळवलं, लॉगबुक ओढलं आणि घड्याळात बघून लिहिलं: ०६५२, ओपीकडून संदेश, तीन संशयित, नाला. अक्षर नीट आलं. लहानपणी खिळ्यांचं अक्षर बघून शिकलेलं.

पोस्टच्या एलएमजीने, हलक्या मशीनगनने, नाला धरला. पुढची पंचवीस मिनिटं सांगता येण्यासारखी नाहीत. सव्वासातनंतर शांत झालं. त्या तिघांपैकी कोणी नाल्याच्या पुढे गेला नाही. आमच्याकडचा एकच गेला. गोळीबार चालू असतानाच धुळाला आणायला मीही स्ट्रेचरबरोबर धावलो होतो, तेव्हा ग्रेनेडची कपची माझ्या डाव्या गुडघ्यात घुसली. धुळा आडोशाच्या पंधरा पावलं पुढे उताणा पडला होता. दुर्बीण हातात. आडोशातून नाल्याचा तळ दिसत नव्हता. दिसण्यासाठी बाहेर यावं लागत होतं. मी सांगितलं म्हणून तो आला होता.

हॉस्पिटलमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरीचे अधिकारी माझ्या खाटेपाशी आले.

"पहिला मेसेज किती वाजता?"

"०६५२, साहेब."

"त्याने कव्हर का सोडलं?"

"माहीत नाही, साहेब."

लॉगबुकात तेच होतं. पाटोळे झोपेत होता. ०६४१ फक्त दोघांना माहीत होतं आणि एक जण बोलू शकत नव्हता. कागदावर आलं की ओपीला शत्रू उशिरा दिसला आणि जवानाने आडोसा सोडला. मला मात्र जखमी साथीदाराला आणायला गेल्याबद्दल शाबासकी मिळाली. गुडघा वाकेना, मेडिकल बोर्डाने घरी पाठवलं. गावच्या शाळेत शाल-श्रीफळ झालं. वडिलांनी स्वतः हँडबिल छापलं. त्यावर माझं नाव जाड टाइपात होतं.

धुळाच्या वडिलांनी निरोप पाठवला: चैतात या, पोराचं मैतर म्हणून भेटून जा. मी घोडेगावपर्यंत एसटीने गेलो आणि तिथून दुसरी गाडी धरली. गावाचं नाव लिहिणार नाही. का, ते पुढे येईल.

म्हातारा फाट्यावर उभा होता. रखमाजी आबा. डोक्याला फेटा, हातात काठी, धुळाचेच डोळे. "ये ल्येकरा," म्हणाला आणि माझी पिशवी घेतली. त्या घरात मला पहिला मान मिळत होता. ताटात वाढलेलं संपेपर्यंत धुळाची आई समोरून उठली नाही. भिंतीवर त्याचा वर्दीतला फोटो. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो.

सकाळी सहाला आबा म्हणाले, "चल, माळावर जाऊन येऊ. मेंढरं न्यायची हैत. पाय दुखला तर सांग."

वीस-पंचवीस मेंढरं, आबा पुढे, मी मागे. चैत्रातली सकाळ होती. कडुलिंबाला मोहर आला होता. खाली कॅनॉलच्या अंगाने हिरवा ऊस, वर पिवळ्या गवताचा माळ. ऊस दरवर्षी वर सरकतोय, आबा सांगत होते. माझ्या गुडघ्यासाठी ते मेंढरंही हळू चालवत होते. अर्धा तास चालल्यावर, पुढेच बघत, त्यांनी विचारलं.

"ल्येकरा, येक इचारू?"

"विचारा, आबा."

"त्याला झोप लागली व्हती का?"

मी थांबलो.

"गावात बोलत्यात. इथल्याच येकाचा मेव्हणा फौजंत हाय, त्यानं कागद बघितला म्हन. धुळ्याला दुश्मन उशिरा दिसला. लोकं म्हनत्यात, झोपला व्हता. त्याची आई बारवंवर पानी आनाया जात न्हाई आता. मेला त्येचं मी सोसलं. पर ह्ये..." काठीने त्यांनी एक खडा बाजूला सारला. "मेंढरामागं वाढलेला पोरगा. त्याची नजर कशी चुकली?"

"झोपला नव्हता, आबा," मी म्हणालो. "धुकं होतं. दाट. कोणालाच दिसलं नसतं."

"धुकं व्हय," आबा म्हणाले. त्यांचे खांदे जरा खाली आले. मला वाटलं, सुटलो.

शंभर पावलांवर आबा एकदम थांबले. तोंडाने बारीकसा आवाज केला. मेंढरं जागच्या जागी वळली आणि आल्या वाटेने खाली उतरू लागली. आबांनी मूठ मिटून हात पुढे केला. बोट नाही.

"त्यो बघ."

आधी मला वाटलं, गवतात कोणाचं तरी पांढरं धोतर वाळत पडलंय. मग ते धोतर हललं. लांब पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, तपकिरी पाठ, छातीवर काळा पट्टा. खरोखर मेंढराएवढा. तो घाई न करता चालत होता. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मान वर करून आमच्याकडे बघायचा, पुन्हा पाऊल. एवढा मोठा पक्षी मी कधी पाहिला नव्हता. मी ज्याला हसलो होतो तो इतका शांत चालत होता.

आबा कुजबुजले, "बोट दाखवायचं न्हाई. नजर लागती. आन कुनाला जागा सांगायची न्हाई. सालाला येकच अंडं घालतंय ते. जागा कळली की बंदुकी येत्यात. माझ्या बानं मला दावला, मी कुनाला दावला न्हाई. धुळ्याला दावायचीबी गरज पडली न्हाई. सात वर्साचा व्हता. त्याला माझ्या आदी दिसला. त्यानंच मला थांबवलं." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू त्याचा मैतर. म्हनून तुला दावला."

'आमच्यात सांगत न्हाईत.' धुळा एवढंच म्हणाला होता. तो खोटं लपवत नव्हता, एक अंडं राखत होता. आणि ती राखण त्याच्या बापाने माझ्या हाती दिली होती.

"आबा," मी म्हणालो, "धुकं नव्हतं."

त्यांनी मान वळवली नाही. ते पक्ष्याकडेच बघत होते. मी सगळं सांगितलं. माळढोक नाव कोणी पाडलं ते. लोकर काढता का, हे कोण म्हणालं ते. ०६४१ ला तो काय बोलला, मी काय बोललो, शब्द न शब्द. मी त्याला आडोशाबाहेर कसं पाठवलं. लॉगबुकात कोणती वेळ लिहिली. बोलताना आवाज चढू दिला नाही, रडलोही नाही. तो हक्क माझा नव्हता.

पक्षी चालत चालत गवताच्या उंचवट्यामागे गेला.

"किती मिनिटं म्हनलास?" आबांनी विचारलं.

"अकरा."

"अकरा मिनिटांत," त्यांनी हनुवटीने खाली दाखवलं, "मेंढरं ह्या बांधापास्नं त्या कॅनॉलपत्तुर जात्यात."

मी त्या अंतराकडे बघितलं. बरंच होतं.

"मंजी त्याला दिसलं व्हतं."

"हो. सगळ्यांच्या आधी."

त्यांनी मान हलवली. मग काठी उचलली आणि म्हणाले, "गाडी नऊला हाय, पावणं."

काल संध्याकाळपासून मी ल्येकरा होतो.

फाट्यावर, पाराशी चार-सहा माणसं बसली होती. एक जण उठून म्हणाला, "तुमीच का ते जखमी झालेले जवान? बसा की राव, च्या घेऊ." आबा बाजूला उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण ते थांबले होते. मी तिथेच सांगायला हवं होतं. धुळा झोपला नव्हता, एवढं तीन शब्दांचं वाक्य. बाजारात उभा राहून भाषणं ठोकणारा मी गाडीच्या वाटेकडे बघत राहिलो. गाडी आली. मी चढलो. खिडकीतून बघितलं तेव्हा आबा मेंढरांकडे निघाले होते.

ती माझी दुसरी अकरा मिनिटं. पहिल्या वेळी मी ऐकलं नाही, दुसऱ्या वेळी बोललो नाही.

घरी पोचून मी बटालियनला पत्र लिहिलं, खऱ्या वेळेसकट, सही करून. तीन महिन्यांनी उत्तर आलं की पत्राची नोंद घेतली आहे. पण बटालियनचा कागद त्या पारावर कोण वाचणार? मी छापखान्यात गेलो. वडील ट्रेडल मशीनपाशी बसले होते. मी त्यांच्या पुढ्यात मजकूर ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, आणि एका ओळीवर थांबले.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि मी तुझं नाव जाड टाइपात छापलं."

एवढंच बोलले. मग खिळे जुळवायला लागले. जाड टाइपाचा खण त्यांनी पुन्हा उघडला, धुळाच्या नावासाठी. माझं नाव बारीक टाइपात, खाली, ज्याने चूक केली त्याच्या जागी. पत्रकात माळाचा उल्लेख नव्हता, पक्ष्याचाही नाही.

पत्रकं घेऊन मी घोडेगावला स्टँडवर उभा राहिलो. प्रत्येक गाडीत चढून वाटली. एक कंडक्टर म्हणाला, "कशाला उकरून काढताय, भाऊ? मेलेला परत येणारे का?" मी म्हणालो, "त्याची आई पाण्याला जात नाही." मग त्याच गाडीने त्या गावात गेलो, पारावर उभा राहिलो आणि पत्रक मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत. एका म्हाताऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आबा घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, दूर नेलं, जवळ आणलं.

"ह्यात त्याचं नाव कुठं हाय?"

मी बोट पुढे केलं. मग मूठ मिटली आणि मुठीने दाखवलं. सिपाही धुळा.

"आन येळ?"

"त्याच्याखाली. सहा एक्केचाळीस."

आबांनी अंगठा त्या आकड्यावर ठेवला आणि तसाच ठेवून राहिले. आतून धुळाची आई बाहेर आली. कमरेवर रिकामी घागर होती. ती माझ्याकडे न बघता ओट्यावरून उतरली आणि बारवेच्या वाटेला लागली. आबा ती वळणाआड जाईपर्यंत बघत होते.

"बसा, पावणं," ते म्हणाले.